पडदा सेकंदाला किती वेळा बदलतो?

खामगाव, चिखली किंवा मलकापूरच्या दुकानात संगणकाचा मॉनिटर घ्यायला गेलात, तर खोक्यावर 60, 144, 240 असे आकडे व त्यापुढे हर्ट्‌झ हा शब्द दिसेल. आकडा मोठा, तशी किंमतही सहसा मोठी. संगणकावरील चढाओढीचे खेळ आज निव्वळ करमणूक राहिलेले नाहीत. डिसेंबर 2022 मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्‌सला बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिली आणि 2023 साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धांत या खेळांना पदके होती. म्हणून पुष्कळ विद्यार्थी मोठ्या आकड्याचा मॉनिटर मागतात. पण पैसे जर घरच्या सोयाबीन-कपाशीच्या हिशेबातून निघणार असतील, तर त्या आकड्याचा अर्थ आधी नीट समजून घेतलेला बरा.

पडद्यावरचे चित्र वस्तुतः हलत नसते. स्थिर चित्रे एकामागून एक झपाट्याने येतात व आपल्याला गतीचा भास होतो. पडदा एका सेकंदात जितक्या वेळा नवे चित्र घेऊ शकतो, तो त्याचा रिफ्रेश रेट. आपण त्याला पडद्याची वारंवारता म्हणू.

एक सोपा प्रयोग करा. पडद्यावर काळी पार्श्वभूमी घेऊन माउसचा बाण भरकन एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत न्या. एक सलग रेघ न दिसता सुटे सुटे बाण दिसतील. 30 सेंटिमीटरचे अंतर बाणाने अर्ध्या सेकंदात कापले, तर 60 हर्ट्‌झच्या पडद्यावर 30 चित्रे उमटतात, म्हणजे दोन बाणांत 1 सेंटिमीटर अंतर पडते. 144 हर्ट्‌झवर चित्रे 72 होतात आणि हे अंतर सुमारे 4 मिलिमीटर उरते. धावत्या प्रतिस्पर्ध्यावर नेम धरताना हाच फरक उपयोगी पडतो.

आता दोन चित्रांमधला काळ काढू. 1000 मिलिसेकंदांना वारंवारतेने भागले की झाले. 60 हर्ट्‌झसाठी तो 16.7, 144 साठी 6.9, 240 साठी 4.2 आणि 360 साठी 2.8 मिलिसेकंद येतो. म्हणजे 60 वरून 144 वर गेल्यास जवळजवळ 10 मिलिसेकंद वाचतात. 144 वरून 240 वर गेल्यास 3 सुद्धा वाचत नाहीत, आणि 240 वरून 360 वर जाऊन जेमतेम दीड मिलिसेकंद हाती लागतो. आकडा वाढत जातो, पण लाभ घटत जातो.

हा लाभ कशाशी ताडून पाहावा? मित्राला उभी फूटपट्टी धरून अचानक सोडायला सांगा व ती बोटांच्या चिमटीत पकडा. पट्टी 20 सेंटिमीटर घसरल्यावर पकडलीत, तर मुक्त पतनाच्या सूत्रानुसार तुमचा प्रतिसादकाल सुमारे 200 मिलिसेकंद झाला. त्यापुढे 10 मिलिसेकंद म्हणजे विसावा भाग. दोन तुल्यबळ खेळाडूंत तो निर्णायक ठरू शकेल, पण नवशिक्याला सरावानेच अधिक फायदा होईल.

अंतराचाही विचार करावा लागतो. खेळाचा सर्व्हर मुंबईला आहे असे धरा. प्रकाशतंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. बुलढाण्याहून मुंबईपर्यंत तारेची वाट 500 किलोमीटर मानली, तरी जाऊन येण्यास किमान 5 मिलिसेकंद लागतात. वाटेतील यंत्रांमुळे प्रत्यक्षात हा काळ बराच वाढतो. सर्व्हर सिंगापूरला असेल, तर विचारूच नका! असा विलंब कोणताही मॉनिटर भरून काढू शकत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट चित्रपटगृहाकडून शिकता येते. 1932 साली प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ बोलू लागला, तोवर बोलपटांसाठी सेकंदाला 24 चित्रे हे प्रमाण रूढ झाले होते. पण 24 वेळा उजेड-अंधार झाला तर डोळ्यांना लुकलुक जाणवते. म्हणून प्रक्षेपकाची फिरती झडप तेच चित्र दोनदा दाखवीत असे. त्यामुळे चमका 48 झाल्या आणि लुकलुक कमी झाली. मात्र नवी चित्रे 24 च राहिली. नटाची हालचाल काही अधिक बारकाईने दिसू लागली नाही.

मॉनिटरचेही तसेच आहे. चित्रे तयार करतो संगणक. पडदा ती केवळ दाखवतो. खेळ चालू असताना संगणक सेकंदाला 60 च चित्रे काढत असेल, तर 144 हर्ट्‌झचा पडदा तीच चित्रे पुनःपुन्हा दाखवील. भारी पडदा घेऊनही नवे काही दिसणार नाही.

तेव्हा खरेदीचा क्रम असा ठेवावा. आपला संगणक त्या खेळात सेकंदाला किती चित्रे काढतो, ते प्रथम पाहावे; बहुतेक खेळांत हा आकडा पडद्याच्या कोपऱ्यात दाखवण्याची सोय असते. तो 60 च्या आसपास असेल, तर आहे तो मॉनिटर पुरे. तो सतत शंभराच्या वर राहत असेल, तर 144 हर्ट्‌झला अर्थ आहे. त्यापुढचे आकडे नियमित स्पर्धा खेळणाऱ्यांनी पाहावेत. नवा मॉनिटर जोडल्यावर डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जाऊन वारंवारता तपासण्यास मात्र विसरू नका. पुष्कळदा ती 60 वरच राहिलेली असते. जुनी तारही कधी कधी तिला अडवते.

आता एक गणित तुमच्यासाठी. 144 ऐवजी 165 हर्ट्‌झचा पडदा घेतल्यास दर चित्रामागे किती मिलिसेकंद वाचतील? उत्तर काढा, आणि मगच दुकानदाराला किमतीतला फरक विचारा.