पुन्हा सायकल घेताना : आपल्या मापाची सायकल कशी निवडावी?



शाळेत असताना सायकल चालवली, मग लग्न, नोकरी, स्कूटी आली आणि आता चाळिशी-पंचेचाळिशीत पुन्हा सायकल घ्यावीशी वाटते, असं सांगणाऱ्या बऱ्याच जणी भेटतात. त्यातल्या काही जणी हौसेने सुरुवात करतात आणि महिन्याभरात थांबतात. का, तर "गुडघे दुखतात हो, आता वय झालं." वयाचा संबंध असेलही. पण वयाला दोष देण्याआधी सीटची उंची बघा. मी मुलीची पडून असलेली सायकल तीन आठवडे चालवली आणि गुडघे धरून बसले होते. सीट चार बोटं वर घेतली आणि दुखणं थांबलं. सायकल तीच, गुडघेही तेच!

दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, "चोवीसची देऊ की सव्वीसची?" इथेच घोटाळा सुरू होतो. हा आकडा चाकाचा व्यास आहे, तुमचं माप नव्हे. आपल्या वडिलांच्या काळ्या सायकलींना "बावीसची", "चोवीसची" म्हणत, तेव्हा तो आकडा फ्रेमच्या उंचीचा असे. चाकं 28 इंचीच असत. म्हणजे "चोवीसची सायकल" या एकाच शब्दाचे दोन अर्थ झाले. तुमच्या अंगाला सायकल बसते की नाही हे फ्रेमवर ठरतं, चाकावर नाही. 26 इंची चाकाच्या सायकली लहान फ्रेममध्येही मिळतात आणि मोठ्या फ्रेममध्येही.

फ्रेमसाठी नुसती उंची सांगून भागत नाही, पायांची लांबी लागते. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभ्या राहा, पावलांत वीतभर अंतर ठेवा. एखादं जाड पुस्तक दोन्ही पायांच्या मध्ये धरून, सीटवर बसल्यासारखं वाटेल इतकं वर दाबा. त्याची एक कड भिंतीला टेकलेली हवी, म्हणजे पुस्तक तिरकं होत नाही. वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत दुसऱ्या कुणाला तरी मोजायला सांगा. (एकटीने वाकून मोजलं की माप चुकतंच.) समजा 70 सेंमी आलं. आडवा दांडा असलेली सायकल घेणार असाल, तर दांड्यावर उभं राहिल्यावर किमान दोन-तीन सेंमी जागा सुटली पाहिजे. खडबडीत रस्त्यावर चालवणार असाल तर पाच. फ्रेमचा आकडा म्हणाल, तर 150 ते 160 सेंमी उंचीच्या बाईला हायब्रीड किंवा माउंटन सायकलमध्ये साधारण 14 ते 16 इंचांची फ्रेम चालते. पण फ्रेम कुठून कुठे मोजायची याची प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी, म्हणून त्या कंपनीचा तक्ता बघायचा आणि शेवटी बसूनच ठरवायचं.

आता सीट. बहुतेकींना लहानपणी शिकवलेलं असतं की सीटवर बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. शिकताना ते ठीक आहे. पण तेवढ्या खालच्या सीटवर पायडल मारताना गुडघा प्रत्येक फेरीला जास्त दुमडतो आणि गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतं. योग्य उंची अशी बघा : नेहमीच्या चपला-बूट घालून सीटवर बसा, भिंतीचा आधार घ्या, पायडल अगदी खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. पाय जेमतेम सरळ व्हायला हवा. मग टाचेऐवजी चवडा पायडलवर ठेवला की गुडघा आपोआप किंचित वाकलेला राहतो. शर्यतवाले पायांच्या मापाला 0.883 ने गुणतात. आपल्या 70 सेंमीला उत्तर 61.8 येतं, आणि ते अंतर पायडलच्या मधल्या आसापासून सीटच्या वरच्या भागापर्यंत मोजतात. वर्गात दशांश गुणाकार शिकवताना हे उदाहरण घेऊन बघा. आपण मात्र एक-दोन सेंमी खालूनच सुरुवात करावी.

या उंचीवर थांबताना फक्त चवड्याची टोकं टेकतात, त्यामुळे भीती वाटते. उपाय सोपा आहे. थांबताना सीटवर बसून राहायचंच नाही. ब्रेक दाबत पुढे उतरायचं आणि एक पाय टेकायचा. ही सवय होईपर्यंत सीट खाली ठेवा, मग दर काही दिवसांनी सेंमीभर वर घ्या. गुडघ्याच्या मागे ओढ बसू लागली किंवा पायडल मारताना कंबर डावी-उजवीकडे डुलू लागली, तर सीट जास्त वर गेली असं समजा. सीटच्या नळीवर एक खूण असते, ती फ्रेमच्या बाहेर दिसेल इतकी नळी कधीच वर ओढू नका.

दुकानात बोटाने दाबून सर्वांत मऊ सीट निवडायचा मोह होतो. बसताना वजन ढुंगणाच्या दोन हाडांवर यायला हवं. फार मऊ सीटमध्ये ती हाडं रुततात आणि मधल्या नाजूक भागावर दाब येतो. बायकांमध्ये या हाडांतलं अंतर सरासरीने जास्त असतं. शिवाय ताठ बसून चालवायची असेल तर रुंद आणि बेताची कडक सीट बरी. सीटचं टोक जमिनीला समांतर ठेवा. या दुखण्याविषयी आपण लाजून बोलत नाही आणि सायकल मात्र जिन्याखाली जाते!

मधला दांडा नसलेली फ्रेम घ्यायची का? मजबुतीसाठी तिला थोडं जास्त लोखंड लागतं, पण रोजच्या कामाला काही अडत नाही. कॅरिअरवर पिशवी असताना मागून पाय टाकता येत नाही, तेव्हा ही फ्रेम पुरुषांनाही सोयीची. साडी किंवा ओढणी वापरत असाल, तर पूर्ण चेनकव्हर आणि मागच्या चाकाला जाळी बसवूनच घ्या. ओढणी मात्र गाठ मारूनच.

हात लहान असतील तर ब्रेकची दांडी बोटांत नीट येते का बघा. बऱ्याच दांड्यांवर छोटा स्क्रू असतो, तो फिरवून दांडी हँडलच्या जवळ आणता येते. हँडल धरल्यावर कोपर किंचित वाकलेलं हवं. हात ताठ होत असतील तर मान आणि खांदे दुखणारच.

गिअर सपाट गावात नसले तरी चालतं, चढ असतील तर हवेत.

टायर बदलताना एक गंमत लक्षात ठेवा : गणितात 1¾ आणि 1.75 एकच, पण 26 × 1¾ आणि 26 × 1.75 हे टायर एकाच रिमवर बसत नाहीत. पहिल्याची रिम 571 मिमीची, दुसऱ्याची 559. म्हणून टायरवरचा 47-559 असा छापलेला आकडा बघूनच मागा.

फ्रान्सिस विलर्ड या अमेरिकेतल्या शिक्षिका आणि समाजसुधारक. त्या वयाच्या 53 व्या वर्षी सायकल शिकल्या आणि 1895 मध्ये त्यांनी त्यावर पुस्तकच लिहिलं. आपण तर एकदा शिकलेल्या आहोत.

पैसे देण्याआधी दहा मिनिटं तरी चालवून बघा, आणि तीही चढावर, वळणावर, ब्रेक दाबून. दुकानदार घाई करत असेल तर दुसरं दुकान बघा. नवीन सायकलच्या तारा आणि आरे सुरुवातीला थोडे सैल होतात, तेव्हा महिन्याभराने ती पुन्हा दुकानात नेऊन आवळून घ्या.