कर्ज आणि कायदा (भाग 6) : खाते तुमचे, पैसे आत्याचे

परतफेड योजना मंजूर व्हायला मतदान करणाऱ्या धनकोंपैकी, रकमेच्या हिशेबाने, तीन-चतुर्थांशाहून अधिकांचा होकार लागतो, हे आपण मागच्या भागात पाहिले. पण मुळात ऋणकोच्या हाती असलेला प्रत्येक रुपया त्याचाच असतो का?

इचलकरंजीतला एक यंत्रमागवाला डोळ्यांपुढे आणा. कंपनीच्या कर्जाला तो स्वतः जामीन राहिला, कंपनी बुडाली. कंपनीच्या अशा वैयक्तिक जामीनदारांना 1 डिसेंबर 2019 पासून नादारी व दिवाळखोरी संहिता लागू आहे, म्हणून त्याचे प्रकरण राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढे आले. त्याआधी वर्षभर आत्याने शेत विकून आलेले आठ लाख त्याच्या खात्यात ठेवले होते. तिला बँकेची कामे जमत नाहीत, आणि भाचा घरचा.

हे पैसे आत्याचेच. दुसऱ्यासाठी विश्वस्त म्हणून सांभाळलेली मालमत्ता दिवाळखोराच्या मालमत्तेत धरायची नाही, असे संहितेचे कलम 155 स्पष्ट सांगते. 1909 आणि 1920 च्या जुन्या नादारी कायद्यांचीही हीच भूमिका होती, आणि ती न्याय्यच आहे. भाच्याच्या जामिनाची किंमत आत्याने का मोजावी?

अडचण पुराव्याची असते. तिने पैसे सांभाळायला दिले की वापरायला? वापरायला दिले असतील तर ते हातउसने, म्हणजे कर्ज. मग आत्याही बँकेसारखीच एक धनको. सांभाळायला दिले असतील तर खरेदीखताची प्रत, पैसे जमा झाल्याची तारीख, त्या वेळची साधी चिठ्ठी, यांतले काहीतरी दाखवता आले पाहिजे. प्रकरण सुरू झाल्यावर मागची तारीख टाकून केलेला कागद मात्र कोणीही करू नये. रिझोल्यूशन प्रोफेशनलला, म्हणजे हे प्रकरण हाताळायला नेमलेल्या व्यावसायिकाला, महत्त्वाच्या बाबतीत खोटी माहिती देणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

त्याच खात्यातून सूत आणले, वीजबिल भरले, तर? भारतीय विश्वस्त कायदा, 1882 च्या कलम 66 नुसार विश्वस्ताने परके पैसे गैरपणे स्वतःच्या पैशांत मिसळले, तर त्या सगळ्या रकमेवर मूळ मालकाचा बोजा राहतो. न्यायालये असेही मानत आली आहेत की अशा खात्यातून आधी खर्च होतो तो विश्वस्ताचा स्वतःचा पैसा. पण शिल्लक एकदा दोन लाखांवर उतरली आणि नंतर त्याने स्वतःचे पैसे भरले, तर ती भर आपोआप आत्याची होत नाही. तिचा माग त्या दोन लाखांपाशी थांबतो. म्हणून अशा पैशांसाठी वेगळे खाते हवेच. त्याहून बरे, खाते आत्याच्याच नावावर काढून द्यावे.

घाबरून रातोरात पैसे परत करणे हा सर्वांत वाईट मार्ग. पुढे दिवाळखोरी जाहीर झाली तर अर्जाआधीच्या दोन वर्षांत नातलगाला दिलेली झुकती वागणूक उलटवता येते, आणि खऱ्या ठेवीवरही संशयाची सावली पडते. आधी रिझोल्यूशन प्रोफेशनलला लेखी कळवावे, कागद जोडावेत, मग रक्कम हलवावी.

पैसे खर्चच झाले असतील, तर आत्याने दावे मागवणारी जाहीर सूचना निघाल्यावर 21 दिवसांत आपला दावा नोंदवावा. नातलग असल्याने तिला योजनेवर मत देता येणार नाही, पण धनकोंच्या यादीत तिचे नाव लागू शकते.