गाईड मिटा, बाबासाहेबांचे खंड उघडा

'लातूर पॅटर्न'ने मराठवाड्याला गुण मिळवायला शिकवले. लातूर-नांदेडच्या शिकवणी वर्गांतून डॉक्टर, इंजिनिअर घडले. त्यांत मजुरी, ऊसतोड करणाऱ्या आपल्या समाजबांधवांची मुलेही आहेत. ही कमाई लहान नाही. परंतु हीच मुले परदेशी शिष्यवृत्तीसाठी इंग्रजीची परीक्षा देतात किंवा वकील होऊन औरंगाबाद खंडपीठात उभी राहतात, तेव्हा शब्द का अडतात? अ‍ॅट्रॉसिटीच्या अपिलात उच्च न्यायालयाचे निकालपत्र इंग्रजीत असते. त्यातला एक शब्द चुकीचा समजला, तर किंमत पीडित कुटुंब मोजते. इंग्रजी आपल्यासाठी मिरवण्याची नव्हे, हक्काची बाब आहे.

यावर मुले गाईडमधील हजार-हजार शब्दांच्या याद्या पाठ करतात. परीक्षा संपली की यादी विसरतात. कारण त्या शब्दांमागे विचार नसतो.

नीटची तयारी करणाऱ्या मुलाला 'ऑस्मॉसिस' ठाऊक असते. पातळ पडद्यातून पाणी आरपार जाते. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये 'सोशल एंडोस्मॉसिस' म्हटले. समाजातील गटागटांत असेच मोकळे येणे-जाणे हवे, हा त्याचा अर्थ. कोलंबिया विद्यापीठातील त्यांचे गुरू जॉन ड्युई यांच्या १९१६ च्या ग्रंथातही हा शब्द आहे. जीवशास्त्राचा शब्द जातीची भिंत दाखवू लागला, की तो कोण विसरेल?

'अ‍ॅनिहिलेशन'च घ्या. लॅटिन 'निहिल' म्हणजे काहीच नाही. फॉर्मवर आपण लिहितो तो 'निल' त्याचाच. म्हणजे जात सुधारायची नाही, तिचे काहीच उरू द्यायचे नाही! एका मुळातून चार शब्द उलगडतात आणि विचारही पक्का होतो.

महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांचे इंग्रजी खंड प्रकाशित केले. अनेक विहारांत, घरांत ते कपाटात बंद आहेत. दर रविवारी विहारात एक पान मोठ्याने वाचा. वहीत शब्द, त्याचे मूळ, मराठी अर्थ आणि स्वतःचे एक वाक्य लिहा. स्वतः बाबासाहेबांनी पाली शब्दकोश तयार केला होता. शब्द गोळा करण्याचे कष्ट त्यांनीही घेतले.

नांदेड जिल्ह्यातील पोचीराम कांबळे, गौतम वाघमारे यांनी विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळावे म्हणून प्राण दिले. त्याच जिल्ह्यातील मुलांना बाबासाहेबांचे मूळ शब्द वाचता येऊ नयेत काय? येत्या रविवारीच पहिला खंड उघडा.