किल्ली फिरवली म्हणजे वीज गेली?

वाशिम १९९८ मध्ये स्वतंत्र जिल्हा झाला. शासकीय कार्यालये, रुग्णालये वाढली, तसे पंप, लिफ्ट, जनरेटर यांचे पॅनेलही आले. अशा पॅनेलवरच्या किल्लीच्या स्विचबद्दलचे काही समज जिवावर बेतू शकतात.

गैरसमज १ : किल्ली ‘बंद’वर नेली की पॅनेलमधली वीज जाते.
वस्तुस्थिती : हा स्विच सहसा कंट्रोल सर्किटमध्ये असतो. तो कॉन्टॅक्टरच्या कॉइलचा पुरवठा तोडतो आणि मोटर थांबते. पण बसबारमध्ये वीज असतेच. दुरुस्तीआधी मुख्य आयसोलेटर बंद करून त्याला कुलूप लावावे, मग टेस्टरने तपासावे.

गैरसमज २ : आपली किल्ली दुसऱ्या कुणाकडे असूच शकत नाही.
वस्तुस्थिती : कंपन्या ठरावीक क्रमांकाच्याच किल्ल्या देतात. स्नायडरच्या अनेक स्विचना ४५५ क्रमांकाची किल्ली लागते. वेगळी हवी असेल तर खरेदीच्या वेळीच वेगळा क्रमांक मागावा लागतो.

गैरसमज ३ : किल्ली स्विचमध्येच राहिली तर काय बिघडते?
वस्तुस्थिती : २०१७ मध्ये सौदी अरेबियातल्या एका पेट्रोकेमिकल प्रकल्पात सुरक्षा कंट्रोलरची किल्ली ‘प्रोग्रॅम’ स्थितीत राहिली होती. त्यामुळे ‘ट्रायटन’ या घातक सॉफ्टवेअरला कंट्रोलरमध्ये शिरता आले. आपल्याकडे धोका साधा असतो: आगीच्या पंपाचा स्विच ‘ऑटो’वरून हलला, तर पाइपातला दाब घटूनही पंप आपोआप सुरू होत नाही. म्हणून किल्ली फक्त ‘ऑटो’वरच बाहेर निघेल असा स्विच घ्यावा. मग पंप ‘मॅन्युअल’वर सोडून किल्ली खिशात घालून जाणे कुणालाच जमत नाही.

गैरसमज ४ : सुरक्षेसाठी इमर्जन्सी स्टॉपही किल्लीनेच चालावा.
वस्तुस्थिती : संकटात जवळ असलेल्या कुणालाही ते लाल बटण दाबता आले पाहिजे. किल्ली हवीच असेल तर बटण पुन्हा सोडवण्यासाठी ठेवावी. दाबण्यासाठी कधीच नाही.

किल्लीमुळे यंत्र कोणी चालवायचे एवढेच ठरते. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीच्या मालकाला किंवा भोगवटादाराला जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र द्यावे लागते. त्या प्रमाणपत्रासाठीच्या तपासणीत प्रत्येक किल्ली कोणत्या स्थितीत आहे आणि कोणाच्या ताब्यात आहे, याचीही नोंद करून घ्या. दुसरी किल्ली रात्रपाळीच्या जबाबदार माणसाला सापडेल अशा ठिकाणी कुलूपबंद ठेवा.