उठला एक, फोन घेतला दुसऱ्यानेच!

एक माणूस टेबलापाशी बसलाय. बाहेर फोन वाजतो. तो उठतो, दाराकडे निघतो. कट! आता कॅमेरा बाहेर. माणूस येतो, रिसीव्हर उचलतो, बोलायला लागतो.

त्यात काय एवढं? अहो, फोन घेणारा माणूस भलताच होता! डॅनियल लेव्हिन आणि डॅनियल सायमन्स (हो, दोघेही डॅनियलच) या मानसशास्त्रज्ञांनी मुद्दाम अशी फिल्म केली आणि लोकांना दाखवली. 1997 साली त्यांनी निकाल छापला: साधारण तिघांतल्या दोघांना अदलाबदल कळलीच नव्हती.

बावळट होते का ते? मुळीच नाही. तुम्ही हे वाचताय ना, आत्तासुद्धा तुमचे डोळे ओळीवरून सरकत नाहीयेत, टुणटुण उड्या मारतायत. प्रत्येक उडीच्या वेळी क्षणभर नीट दिसत नाही, पण मेंदू ते तुम्हाला कळूच देत नाही. तुकडे जोडून सलग चित्र उभं करायची त्याला सवयच. फोन वाजला, माणूस उठला, म्हणजे आता उचलणारा तोच, असं तो धरूनच चालतो.

सिनेमावाल्यांना ही गंमत सुरुवातीला कुठे ठाऊक होती! एडविन पोर्टर या अमेरिकन दिग्दर्शकाच्या 1903 सालच्या एका फिल्ममध्ये आग लागलेल्या घरातून आई आणि मुलाची सुटका होते. ती आधी अख्खी खोलीच्या आतून दिसते. मग तीच सुटका पुन्हा पहिल्यापासून, घराबाहेरून! आतला अर्धा आणि बाहेरचा अर्धा जोडून चालेल, ही युक्ती रुळायला अजून वेळ होता.

तुम्हाला मात्र ती आज दुपारीच करता येईल. फोनचा कॅमेरा घ्या. ताईला म्हणा, दार उघडून आत ये. एकदा बाहेरून, तिच्या पाठीमागून शूट करा. मग तुम्ही आत जा आणि तिला सगळं पुन्हा करायला लावा. (ती कुरकुर करेल, करू द्या.) दोन्ही शॉटमध्ये क्रिया पूर्ण हवी: कडीला हात, दार ढकलणं, पाऊल आत. आता जोडताना दार अर्धवट उघडलेलं असताना कापा. दार हलत असतं, बघणाऱ्याचं लक्ष त्या हालण्यात गुंतलेलं असतं, आणि कट गुपचूप निसटतो. तोच कट ताई दारापाशी नुसती उभी असताना करून बघा. लगेच खटकेल.

दुसरी गंमत दिशेची. कट्ट्यावर दोन मित्र गप्पा मारतायत. एकाच्या नाकापासून दुसऱ्याच्या नाकापर्यंत एक दोरी ताणलीय अशी कल्पना करा. कॅमेरा कायम दोरीच्या एकाच बाजूला ठेवायचा. पलीकडे उडी मारलीत, की उजवीकडे बघणारा मित्र अचानक डावीकडे बघायला लागतो, आणि दोघे एकमेकांशी नाही, तर एकाच झाडाशी बोलतायत असं वाटतं! फुटबॉलचे मुख्य कॅमेरे मैदानाच्या एकाच बाजूला असतात ते याचसाठी. पलीकडून रिप्ले दाखवला, तर पडद्यावर बऱ्याचदा ‘रिव्हर्स अँगल’ अशी पाटी येते. नाहीतर आपल्याच संघाने आपल्याच जाळीत गोल मारला की काय, असं वाटायचं.

शॉट असे सलग जुळण्याला सेटवर कंटिन्युइटी म्हणतात, आणि ती तुटली की ‘जर्क आला’. मग कोणता पेला कुठे होता, चहा किती उरला होता, बाही दुमडलेली होती का, याच्या नोंदी आणि फोटो ठेवणारं एक माणूसच असतं. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्येही नव्या विद्यार्थ्यांना कंटिन्युइटीचा सराव करावा लागतो.

माझं विचाराल तर पेल्यापेक्षा नजर आणि हालचाल आधी सांभाळा. कारण लेव्हिन-सायमन्स जोडीने आणखी एक फिल्म केली होती. दोन बायका जेवता जेवता बोलतायत, आणि त्यात मुद्दाम 9 चुका. एकीच्या गळ्यातला स्कार्फ गायब होतो, लाल ताटल्या पांढऱ्या होतात. पहिल्यांदा बघताना जवळपास कुणालाच काही दिसलं नाही. मग सांगितलं, आता नीट शोधा! तरीही सरासरी दोनच चुका सापडल्या.

तेव्हा ताईच्या फिल्ममध्ये दोन शॉटच्या मध्ये तिची ओढणी बदला आणि घरात सगळ्यांना दाखवा. किती जणांनी पकडलं ते लिहून ठेवा. आणि हो, ताईला आधीच गप्प बसायला सांगा.