चिप कोणती?

2002 साली डोंबिवलीहून निघून दादरला गाडी बदलली आणि ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठला, तेव्हा खिशात संगणकाच्या सुट्या भागांची यादी होती. मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क, कॅबिनेट. सगळं नीट जमलं, फक्त मोडेम चुकलं. दुकानदाराने दाखवलेलं कार्ड स्वस्त होतं, खोक्यावर ठळक 56के लिहिलेलं होतं, म्हणून घेऊन टाकलं. घरी रेड हॅट लिनक्स चढवलं, पडदा उजळला, आवाजही आला, पण फोन काही लागेना.

त्या कार्डात खरं तर अर्धंच मोडेम होतं. फोनच्या तारेवरून येणाऱ्या आवाजातून माहिती वेगळी काढण्याचं काम पूर्ण मोडेम स्वतः करतं. या स्वस्त कार्डांनी ते मुख्य प्रोसेसरच्या गळ्यात घातलं होतं, आणि ते करणारं सॉफ्टवेअर फक्त विंडोजसाठी लिहिलेलं होतं. म्हणून त्यांना विनमोडेम म्हणत. महिनाभर पैसे बाजूला टाकले आणि सिरियल पोर्टला जोडायचं, दिव्यांची रांग असलेलं बाहेरचं मोडेम आणलं. त्याला साध्या अक्षरांत हुकूम सोडायचा: एटीडीटी आणि पुढे नंबर. दिवे लुकलुकले, ती ओळखीची किरकिर झाली आणि जोडणी लागली. रात्री साडेअकराला आईला उठवून सांगितलं होतं.

तेव्हापासून खोक्यावरच्या नावावर विसंबणं सोडलं. कार्ड हातात घ्यायचं, ट्यूबलाइटखाली तिरकं धरायचं आणि चिपवरचा बारीक नंबर वाचायचा. ही सवय पुढे वाय-फायच्या दिवसांत फारच उपयोगी पडली. तेच खोकं, तोच मॉडेल नंबर, पण नवीन लॉटमध्ये आत चिप वेगळ्याच कंपनीची, असं सर्रास व्हायचं. एकदा असंच फसलो आणि एनडिसरॅपर नावाच्या जुगाडाने विंडोजचा ड्रायव्हर लिनक्सच्या आत चालवून दिवस काढले. उबुंटू लिनक्सची सीडी तेव्हा मागितली की टपालाने फुकट घरी यायची. ती लाइव्ह चालायची, म्हणजे काहीही न चढवता त्या मशीनवर काय चालतं ते दिसायचं. दुकानातल्या मशीनमध्ये ती घालून बघू द्या, असं मी विनवायचो. बहुतेक जण नाही म्हणायचे.

सगळ्यात जास्त झोप उडवली ती ग्राफिक्स कार्डाने. बंद ड्रायव्हर मोठ्या मेहनतीने बसवायचा, आणि लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, बदलला की दुसऱ्या दिवशी काळ्या पडद्यावर नुसता कर्सर. हे माझ्या एकट्याचं दुखणं नव्हतं. 2012 साली फिनलंडमधल्या आल्टो विद्यापीठात लिनक्सचा खुद्द जनक लिनस टोरवाल्ड्सने भर सभेत ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाला मधलं बोट दाखवलं. माझ्या दृष्टीने मात्र त्याहून मोठी घटना आधीच घडून गेली होती. एटीआय ही ग्राफिक्स कंपनी विकत घेतल्यानंतर एएमडीने 2007मध्ये आपल्या ग्राफिक्स चिपांची तांत्रिक कागदपत्रं खुली करायला सुरुवात केली. चिपशी कसं बोलायचं हे एकदा उघड झालं की ड्रायव्हर कुणालाही लिहिता येतो, दुरुस्त करता येतो आणि कर्नलमध्येच सामावून घेता येतो. मग तो कर्नलबरोबरच पुढे सरकतो. 2015मध्ये 4.2 कर्नलबरोबर एएमडीजीपीयू ड्रायव्हर आला, तो याच वाटेने. एनव्हिडियाने आपल्या ड्रायव्हरचा कर्नलकडचा भाग खुला करेपर्यंत 2022 उजाडलं. खेळ खेळण्यासाठी किंवा थ्रीडीच्या कामासाठी एनव्हिडिया घेणाऱ्यांना मी चूक म्हणत नाही. घरच्या मशीनसाठी मात्र कर्नलमध्ये ड्रायव्हर आहे तेच घ्या, हे मी आजही आग्रहाने सांगतो.

त्यात एक पोटकलम आहे. ड्रायव्हर कर्नलमध्ये असून भागत नाही, तो आपल्या कर्नलमध्ये असावा लागतो. 2018च्या फेब्रुवारीत एएमडीचा रायझन 2400जी प्रोसेसर बाजारात आला. त्याच्या आतल्या ग्राफिक्सला लागणारा कोड नुकताच, जानेवारीतल्या 4.15 कर्नलमध्ये शिरला होता. दोन वर्षांपूर्वीची स्थिर आवृत्ती त्यावर चढवणाऱ्याने प्रोसेसरला कितीही दोष दिला तरी उपयोग नव्हता. त्यामुळे मी अगदी ताजा माल घेत नाही. सहा-आठ महिने थांबतो. तेवढ्यात किंमतही थोडी उतरते.

2023च्या पावसाळ्यात पुन्हा लॅमिंग्टन रोडवर गेलो. त्या जून महिन्यातच डेबियन लिनक्सची 12वी आवृत्ती आली होती, आणि वाय-फायसारख्या भागांना लागणारं बंद फर्मवेअर पहिल्यांदाच तिच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये होतं. यादी छोटी होती: आतच ग्राफिक्स असलेला प्रोसेसर, साधा बोर्ड, 16 जीबी रॅम, एनव्हीएमई एसएसडी आणि इंटेलचं वाय-फाय कार्ड. नाव काढावं असा एसएमपीएस मात्र घेतला, तिथे काटकसर नको. काउंटरवर विशी-बाविशीतला मुलगा होता. मी सवयीने विचारलं, ‘‘वाय-फायला चिप कोणती?’’ तो म्हणाला, ‘‘काका, लिनक्स टाकणार ना? थांबा, दाखवतो.’’ त्याने बोर्ड तिथेच खोक्यावर मांडला, रॅम आणि कार्ड बसवलं, ड्रॉवरमधून स्वतःचा पेनड्राइव्ह काढून लावला आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक दोन पिनांना टेकवून मशीन सुरू केलं. मिनिटभरात डेस्कटॉप आला. वाय-फायच्या खुणेवर क्लिक केलं तर आजूबाजूच्या दुकानांची नावं एकाखाली एक उमटत गेली.