सर्व्हर सापडत नाही, म्हणजे नेमकं काय सापडत नाही?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मला वाटायचं, सर्व्हर हा ‘आयटीवाल्यांचा’ विषय. आपलं काम खाडीच्या पाण्यातला खारटपणा मोजायचं. मग एका गुरुवारी दुपारी पावणेपाचला मी माझ्या हाताने एका ज्युनिअर मैत्रिणीचा दिवसभराचा डेटा पुसून टाकला, आणि विषय माझाही झाला. नेट-सेट, पेट आटोपून तुम्ही आता एखाद्या लॅबमध्ये शिरायच्या बेतात असाल, तर हे आधीच वाचून ठेवा.

आमच्याकडे दोन मशीन होती. एकावर खरा डेटाबेस: खाडीकाठच्या सेन्सरकडून दर १५ मिनिटांनी येणारे आकडे. दुसरं मशीन चाचणीचं. तिथे नवीन स्क्रिप्ट चालवून बघायची, सगळं पुसायचं, पुन्हा भरायचं. त्या दिवशी मी ‘चाचणी’ नावाच्या मशीनला जोडून घेतलं, टेबल रिकामं केलं आणि चहाला गेले. रिकामं झालं होतं खरं टेबल. बॅकअप रात्री दोनचा होता, म्हणजे दोन ते पावणेपाच, जवळजवळ पंधरा तास गेले. आणि तो दिवस उधाणाच्या भरतीचा. त्या भरतीसाठी ती मुलगी पहाटेपासून गुडघाभर चिखलात उभी होती. सेन्सरकडे स्वतःची प्रत नव्हती. भरती काही पुन्हा मागवता येत नाही.

चूक कुठे झाली ते सांगते, पण त्याआधी जोडणी कशी होते ते बघू. त्याशिवाय ती चूक कळणार नाही.

तुम्ही एका मशीनवरून दुसऱ्याला जोडता तेव्हा चार गोष्टी ओळीने घडतात. नावाचा पत्ता होतो, त्या पत्त्यापर्यंत पोचावं लागतं, तिथे ठरावीक पोर्टवर कोणीतरी ऐकत असावं लागतं, आणि मग तो तुम्हाला आत घेतो की नाही हे ठरतं. एरर कुठल्या पायरीवरची आहे हे ओळखलं की निम्मं काम झालं. बहुतेकजण मात्र एरर न वाचताच पासवर्ड बदलायला लागतात.

‘कुड नॉट रिझॉल्व्ह होस्ट’ आली तर गाडी पहिल्या पायरीवरच अडली आहे. समोरचं मशीन चालू आहे की बंद, याच्याशी काही संबंध नाही. तुमच्या मशीनला त्या नावाचा पत्ताच मिळालेला नाही. आता नवी मुंबईत राहणाऱ्यांना हे पटकन कळेल. रिक्षावाल्याला नुसतं ‘सेक्टर १५’ सांगून बघा. वाशीत सेक्टर १५ आहे, बेलापूरला आहे, खारघरलाही आहे. तुम्ही वाशी स्टेशनबाहेर उभे असाल तर तो वाशीचाच धरणार. सर्व्हरचं आखूड नाव अगदी असंच असतं. तुम्ही नुसतं ‘डेटा’ लिहिता, आणि पुढचं शेपूट तुमचं मशीन स्वतःच्या सेटिंगमधून जोडतं. चाचणीच्या नेटवर्कवर एक शेपूट, खऱ्या नेटवर्कवर दुसरं. म्हणून तीच स्क्रिप्ट इथे चालते आणि तिथे ‘नावच सापडत नाही’ म्हणते. किंवा, जे जास्त वाईट, दोन्हीकडे चालते आणि दोन वेगळ्या ठिकाणी जाते. स्क्रिप्टमध्ये पूर्ण नाव लिहायची सवय लावा.

‘कनेक्शन टाइम्ड आउट’ म्हणजे नावाचा पत्ता झाला, पण हाक मारली आणि उत्तरच नाही. मशीन बंद असेल, पत्ता जुना असेल, किंवा मधला फायरवॉल तुमचे पॅकेट गुपचूप टाकून देत असेल. हॉस्टेलच्या वायफायवरून रात्री अकराला ही एरर आली, तर आधी व्हीपीएन चालू आहे का बघा. मी यात एक अख्खी रात्र घालवली आहे.

‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ बघून लोक जास्त घाबरतात, पण ही त्यातल्या त्यात चांगली बातमी आहे. कोणीतरी उत्तर दिलं! बहुधा मशीन जागं आहे, फक्त त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही. (क्वचित फायरवॉलही असा तोंडावर नकार देतो.) सर्व्हिस बंद पडली असेल किंवा पोर्टचा आकडा चुकला असेल, पोस्टग्रेस सहसा ५४३२ वर असतो, मायएसक्यूएल ३३०६ वर. आणखी एक नेहमीचं कारण: नव्याने टाकलेला पोस्टग्रेस मुळात फक्त ‘लोकलहोस्ट’वर, म्हणजे स्वतःच्याच मशीनवरून आलेली हाक ऐकतो. त्यामुळे सर्व्हरवर बसून सगळं चालतं, आणि लॅपटॉपवरून नकार येतो. डॉकरमध्ये तर याची दुसरी गंमत. कंटेनरच्या आत ‘लोकलहोस्ट’ म्हणजे तो कंटेनरच, तुमचा लॅपटॉप नव्हे.

चौथी पायरी पासवर्डची वाटते, पण तिथेही नाव आडवं येतं. मायएसक्यूएलमध्ये खातं म्हणजे नुसतं युजरनेम नसतं, ‘कुठल्या मशीनवरून’ हेही त्याचाच भाग असतं. चाचणीच्या मशीनवरून आत येणारं खातं नव्या मशीनवरून आलं की ‘ॲक्सेस डिनाइड’. पासवर्ड बरोबर असतो, माणूस मात्र त्याच्या लेखी दुसरा.

आता माझा गुरुवार. लक्षात घ्या, मला यातली एकही एरर आली नव्हती. आली असती तर बरं झालं असतं.

त्याच्या तीन महिने आधी संस्थेचा डीएनएस एका रात्री बंद पडला होता. काम अडू नये म्हणून मी माझ्या लॅपटॉपच्या होस्ट्स फाइलमध्ये एक ओळ लिहिली: हा पत्ता म्हणजे ‘चाचणी’. सकाळी डीएनएस सुरू झाला, ओळ तशीच राहिली. नंतर खऱ्या मशीनची डिस्क कुरकुरायला लागली, म्हणून चाचणीचंच मशीन बढती देऊन खरं केलं आणि जुनं चाचणीला लावलं. डीएनएसमध्ये नावांची अदलाबदल झाली, सगळ्यांना मेल गेली. माझ्या लॅपटॉपला मात्र मेल वाचता येत नाही. त्याने होस्ट्स फाइल आधी बघितली आणि ‘चाचणी’ म्हणून मला खऱ्या मशीनवर नेऊन सोडलं.

एसएसएचने तरी ओरडायला हवं होतं ना, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हटलं होतं. पण एसएसएच बघतो ते एवढंच, की या नावाच्या मशीनची किल्ली मागच्या वेळचीच आहे का. किल्ली तीच होती, कारण मशीनही तेच होतं! बदललं होतं ते त्याचं काम. पासवर्डही दोन्हीकडे एकच ठेवलेला.

शोधतानाही मी फसले. ‘डिग’ चालवलं तर त्याने नवा, अचूक पत्ता दाखवला. अर्धा तास मला वाटत होतं की माझं काहीच चुकलेलं नाही. ‘डिग’ आणि ‘एनएसलुकअप’ थेट डीएनएसला विचारतात, होस्ट्स फाइल बघतच नाहीत. ‘पिंग’ किंवा लिनक्सवरचं ‘गेटएन्ट’ मात्र तुमच्या प्रोग्रामच्याच वाटेने जातात. दोघांची उत्तरं वेगळी आली की समजा, कुठेतरी जुनी नोंद लपून बसली आहे.

ही होस्ट्स फाइल म्हणजे इतिहासाचा अवशेष आहे. आर्पानेटच्या काळात सगळ्या मशीनची नावं एकाच फाइलमध्ये असायची. कॅलिफोर्नियातली एसआरआय ही संस्था ती सांभाळायची आणि बाकीचे तिची प्रत उतरवून घ्यायचे. प्रती जुन्या व्हायच्या, नावं एकमेकांवर आदळायची. म्हणून १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएस मांडला. म्हणजे ज्या दुखण्यावर चाळीस वर्षांपूर्वी औषध निघालं, ते मी एका ओळीत परत ओढवून घेतलं.

नावं ठरवण्याबद्दलही एक गोष्ट. १९९९ मध्ये ‘डॉट टेस्ट’ हे शेपूट चाचणीसाठी कायमचं राखून ठेवलं गेलं. ते खऱ्या इंटरनेटवर कोणाला मिळणार नाही. तरी अनेकजण आपापल्या मशीनवर ‘डॉट डेव्ह’ वापरत बसले. ते पुढे गूगलच्या मालकीचं झालं, आणि २०१७ च्या अखेरीस क्रोमने त्या सगळ्या नावांना एचटीटीपीएसची सक्ती केली. ज्यांच्या चाचणीच्या साइट आदल्या दिवसापर्यंत नीट चालत होत्या, त्या उघडेनाशा झाल्या.

मशीनची अदलाबदल कशी करावी, याचं मला आवडणारं उदाहरण आमच्या जवळचंच आहे आणि त्यात संगणकच नाही. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची भूचुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवायची ठरली, कारण ट्रामच्या विजेने मोजमाप बिघडलं असतं. तेव्हा १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्ही वेधशाळा एकाच वेळी चालवल्या. नाही तर आकड्यांत पडलेला फरक पृथ्वीचा की जागेचा, हे सांगता आलं नसतं. अलिबागची वेधशाळा आज नवीन पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे. आम्ही आमचं मशीन एका दुपारीत बदललं होतं.

त्या गुरुवारनंतर आम्ही तीन गोष्टी केल्या. पुसण्याची परवानगी असलेलं खातं खऱ्या डेटाबेसवर ठेवलंच नाही. दोन्हीकडचे पासवर्ड वेगळे केले. आणि दोन्ही डेटाबेसमध्ये एका ओळीचं छोटं टेबल टाकलं: एकात ‘मी खरा’, दुसऱ्यात ‘मी चाचणी’. पुसणारी स्क्रिप्ट आधी ती ओळ वाचते आणि ‘मी चाचणी’ दिसलं तरच पुढे जाते. मशीनचं काम बदललं की ती ओळ बदलणं हे कामाच्या यादीत पहिलं. आपण कोणाला हाक मारली ते विचारून उपयोग नाही, ओ कोणी दिली ते विचारायचं.

त्या मुलीने पुढच्या अमावास्येच्या उधाणाला पुन्हा चिखलात उतरून वाचनं घेतली. मी बरोबर गेले होते, बादल्या उचलायला.